पार्श्वभूमी: मूत्रपिंडाचा कर्करोग आणि मिर-२१० चा घोळ

पहिला मायक्रोआरएनए (‘मिर’), म्हणजे इतर जनुकांना लगाम घालणारा आरएनएचा छोटा तुकडा, १९९३ मध्ये एका कृमीत सापडला. मूत्रपिंडाच्या कर्करोगात अनेकदा निकामी होणाऱ्या व्हीएचएल जनुकाची ओळखही त्याच वर्षी पटली. या दोन शोधांचा एकमेकांशी संबंध लागायला मात्र पंधराएक वर्षे गेली.

मूत्रपिंडावरचे सुरुवातीचे अभ्यास बहुतेक एकाच साच्यातले: गाठीचा तुकडा, शेजारचा निरोगी तुकडा आणि काय वाढले, काय घटले याची यादी. घटलेल्यांत मिर-२०० कुटुंब ठळक होते. ते कमी झाले की झेब-१ आणि झेब-२ या प्रथिनांवरचा लगाम सुटतो, पेशींना चिकटवून ठेवणारे ई-कॅडहेरिन घटते आणि पेशी एकमेकींना सोडून सरकू लागतात. प्रसाराचे हे स्पष्टीकरण २००८ पासून रूढ आहे. मात्र क्लिअर सेल गाठ (या कर्करोगाचा सर्वांत सामान्य प्रकार) मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळीच्या सुरुवातीच्या, म्हणजे समीपस्थ, नलिकेतून उगवते, तर मिर-२०० ची रेलचेल पुढच्या, म्हणजे दूरस्थ आणि संग्राहक, नलिकांत असते. शेजारच्या तुकड्यात या सगळ्याच नलिका मिसळलेल्या. तेव्हा ‘घटले’ म्हणताना, त्यातले काही मूळ पेशीतही फारसे नसावे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

खरा वाद मिर-२१० चा. व्हीएचएल निकामी झाले की ऑक्सिजन कमी पडल्याचा इशारा देणारी हिफ प्रथिने नष्ट होत नाहीत, ऑक्सिजन असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते आणि मिर-२१० भरमसाट वाढते. ते इस्कू हे श्वसनाला लागणारे प्रथिन दाबते, त्यामुळे मायटोकॉन्ड्रियाचे श्वसन मंदावते. एवढ्यावरून त्याला ‘ऑन्कोमिर’, म्हणजे कर्करोग वाढवणारा मिर, ठरवून टाकले. मग २०१३ मध्ये उलटेच निरीक्षण आले: ज्यांच्या गाठीत ते जास्त, ते रुग्ण अधिक काळ जगले. पुढच्या काही अभ्यासांत पुन्हा विरुद्ध चित्र. गाठ-विरुद्ध-निरोगी आणि गाठ-विरुद्ध-गाठ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, इथेच गल्लत होते. त्यात हिफ-१ या कर्करोगात बहुधा वाढीला आवर घालते आणि हिफ-२ वाढ रेटते. मिर-२१० मात्र दोघांच्याही इशाऱ्यावर वाढते. प्रगत गाठींत चौदाव्या गुणसूत्राचा १४क्यू भाग, म्हणजे हिफ-१ चे जनुक, अनेकदा गळालेले असते. त्यामुळे मिर-२१० ला चालक म्हणण्यापेक्षा मापक म्हणणे रास्त.

मोजणीतल्या चुका वेगळ्याच. एकाच पूर्वरूपातून दोन मिर निघतात; जुन्या लेखांत त्यांतल्या एकाला दिलेली तारांकित नावे आज ‘-३पी’, ‘-५पी’ अशी वाचावी लागतात. तुलनेच्या संदर्भासाठी घेतलेला यू-६ हा छोटा आरएनए गाठ आणि निरोगी ऊतीत सारखाच असेल असे नाही. सीरममध्ये तांबड्या पेशी फुटल्या तर मिर-१६ आणि मिर-४५१ फुगतात, आणि मिर-१६ ला संदर्भ धरले असेल तर बाकीचे सगळे ‘घटलेले’ दिसते. मेणात जतन केलेल्या ऊतींच्या जुन्या ठोकळ्यांतून मात्र मायक्रोआरएनए बऱ्यापैकी मिळतात, कारण २२ न्यूक्लिओटाइडचा तुकडा आणखी तुटायला फारसा उरतच नाही.

औषधांत मिर-३४ या कर्करोगाला आवर घालणाऱ्या मिरची नक्कल मूत्रपिंडाच्या रुग्णांनाही देऊन पाहिली गेली. गंभीर रोगप्रतिकारक दुष्परिणामांमुळे ती चाचणी २०१६ मध्ये थांबली. २०२१ मध्ये मान्यता मिळाली ती थेट हिफ-२ रोखणाऱ्या गोळीला.