क्लोरिनला दारातच अडवू नका

ठाण्यात घोडबंदर रोडवर किंवा नवी मुंबईत खारघर-घणसोलीकडे नवं घर घेतलं की इंटिरियरवाल्याच्या यादीत हल्ली एक ओळ हमखास असते: पूर्ण घरासाठी वॉटर फिल्टर. स्वयंपाकघरातला प्युरिफायर वेगळा. हे म्हणजे घरात पाणी शिरतं त्या मुख्य पाइपवरच दोन-तीन उभे डबे बसवायचे. कल्पना चांगली आहे. पण त्या डब्यांत काय भरायचं हे आपल्या पाण्यावरून ठरायला हवं आणि ते ठरतं पॅकेजच्या किमतीवरून. यातला एक डबा तर चांगल्या पाण्याचं संरक्षणच काढून घेतो.

आधी पाणी कुठलं ते पाहू. नवी मुंबई महापालिकेचं मुख्य पाणी खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून येतं आणि भोकरपाड्याला शुद्ध होतं. ठाण्याला भातसा आणि उल्हास नद्यांचं, तसंच बारवी धरणाचं पाणी वेगवेगळ्या योजनांतून मिळतं. हे सगळं सह्याद्रीच्या उतारावरून वाहत आलेलं पावसाचं पाणी. खडकात मुरून राहायला त्याला फारसा वेळ मिळत नाही, म्हणून त्यात क्षार कमी असतात. बोअरचं पाणी मात्र खडकाच्या भेगांत दीर्घकाळ साठलेलं असतं आणि त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम बरंच विरघळलेलं असू शकतं. टँकर कुठे भरला यावर त्याचं पाणी अवलंबून. अनेक सोसायट्यांत ही तिन्ही पाणी जमिनीखालच्या एकाच टाकीत मिसळतात, त्यामुळे शेजारच्या इमारतीत बसवलेला फिल्टर आपल्याला चालेलच असं नाही.

आपलं पाणी जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं, आहे का, याचा पहिला अंदाज घरच्या घरी येतो. शॉवरच्या भोकांवर साचलेला पांढरट थर नखाने खरवडून बशीत घ्या आणि त्यावर लिंबू पिळा. फेसाळून बुडबुडे आले तर तो कॅल्शियम कार्बोनेट आहे आणि सुटणारा वायू कार्बन डायऑक्साइड. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापवलं की त्याचा हाच न विरघळणारा कार्बोनेट होतो, म्हणून गिझरच्या कॉइलवर थर सर्वांत जाड चढतो. मग प्रयोगशाळेतून पाण्याचा जडपणा मोजून घ्यावा. आयएस 10500 या भारतीय मानकानुसार लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेता येतो. पेनासारखा टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून एकूण क्षारांचा अंदाज देतो. त्यातले जडपणाचे किती हे तो सांगत नाही, जंतूंबद्दल तर काहीच नाही.

आकडा खरंच मोठा असेल तर सॉफ्टनर उपयोगी. त्यातल्या रेझिनच्या बारीक मण्यांवर सोडियम चिकटलेलं असतं. पाणी जाताना मणी कॅल्शियम धरून ठेवतात आणि सोडियम सोडून देतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार करायचे. प्रत्येक 100 मिलिग्रॅम जडपणा काढताना पाण्यात सुमारे 46 मिलिग्रॅम सोडियम येतं, म्हणून पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढलेला बरा. मोरबेच्या पाण्याला सॉफ्टनर बसवणं म्हणजे मीठ आणि पाणी दोन्ही वाया घालवणं.

गाळाचा फिल्टर मात्र आपल्याकडे बहुतेक घरांना हवा. शटडाउन संपून पाणी सुटतं तेव्हा रिकाम्या जलवाहिनीच्या तळाचा गाळ ढवळला जातो आणि पहिलं पाणी गढूळ येतं. वाहिनी कुठे फुटकी असेल तर ती रिकामी असताना बाहेरची मातीही आत ओढली जाते. ठाण्यातल्या नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीत लोखंडी पाइपांचा गंज आणखी वेगळा. अशा वेळी पांढरी शुभ्र कार्ट्रिज काही दिवसांत विटकरी होते. पण तिच्यामुळे दाब पडतो, हे कुणी सांगत नाही. 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण 1 बार. गच्चीवरची टाकी शॉवरच्या जेमतेम 3 मीटर वर असेल, तर सगळ्यात वरच्या मजल्यावर मिळतो सुमारे 0.3 बार, आणि भरत आलेली कार्ट्रिज तेवढा एकटीच खाते. तिथे 5 मायक्रॉनची बारीक कार्ट्रिज लावू नये. धुता येणारी जाळी किंवा जाडसर, मोठ्या आकाराची कार्ट्रिज घ्यावी. खालच्या मजल्यांना ही अडचण नाही.

आता तो डबा: सक्रिय कार्बन. त्याच्या एका ग्रॅममध्ये सूक्ष्म छिद्रांचं शेकडो चौरस मीटर क्षेत्रफळ दडलेलं असतं. तो वास आणि रंग शोषतो, तसाच क्लोरिनही संपवतो. विक्रेते हे गुण म्हणून सांगतात. केस आणि त्वचेच्या काळजीने लोकही ते मान्य करतात, आणि ती काळजी मी समजू शकतो. पण पालिका पाण्यात क्लोरिन मुद्दाम शिल्लक ठेवते. मानकात त्याचं किमान प्रमाण लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम आहे, कारण शुद्धीकरण केंद्रापासून आपल्या नळापर्यंत कुठेही जंतू शिरले तर त्यांना मारणारं पाण्यात तेवढंच असतं. घराच्या तोंडाशीच ते काढलं की पुढच्या सगळ्या पाइपांत, वापरात नसलेल्या बाथरूमच्या फांदीत, कोमट गिझरमध्ये जिवाणूंचा बुळबुळीत थर निर्धास्त वाढतो. खुद्द कार्बनच्या छिद्रांतही तो वाढतो.

म्हणून कार्बन स्वयंपाकघरातल्या नळाशी, पाणी प्यायच्या अगदी आधी, आणि त्याच्यापुढे जंतू मारणारा यूव्ही किंवा ते गाळून अडवणारा यूएफ. आरओ फक्त क्षार जास्त असतील तरच. क्षार कमी असलेल्या धरणाच्या पाण्याला तो नको. आपल्या नळाला क्लोरिन उरतो का हे ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टने कळतं: नमुन्यात थेंब टाकले आणि पिवळा रंग आला तर आहे. गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं असेल तर उन्हाने क्लोरिन लवकर उडतो, तेव्हा नमुना दुपारी घ्यावा. रंग आलाच नाही तर घरात आणखी डबे लावण्याआधी सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकी धुण्याचा आणि टीसीएलच्या (ब्लीचिंग पावडरच्या) मात्रेचा विषय घ्या. प्लंबरकडून फिल्टरला बायपासचा व्हॉल्व्ह मात्र बसवून घ्याच, नाहीतर कार्ट्रिज चोंदली त्या दिवशी अख्ख्या घराचं पाणी बंद.