बीपी-शुगरची सरकारी तपासणी: फॉर्म भरला, तरी गोळ्या का मिळत नाहीत?

वयाची ३० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ही तपासणी करून घेता येते. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, रेशनकार्डाचा रंग कुणी बघत नाही. बीपी, शुगर आणि तोंडाचा कर्करोग, शिवाय महिलांसाठी स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग, एवढं यात येतं. आशाताई घरी येऊन सी-बॅक फॉर्म भरतात, म्हणजे आजाराचा धोका किती ते गुण देऊन मोजणारा फॉर्म. पुढची तपासणी उपकेंद्रात होते. पाटीवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असं लिहिलेलं असतं, जागा तीच.

पहिला घोळ कंबरेच्या मापाचा. पुरुषमंडळी खुशाल पँटचा नंबर सांगतात. पँट पोटाखाली बसते हो! टेप लावूनच माप द्या. पुरुषांचं ९० आणि महिलांचं ८० सेंटिमीटरच्या वर गेलं की गुण वाढतात. तंबाखू, दारू, घरातला आजार यांचेही गुण असतात. सासूबाई समोर बसलेल्या असताना मिश्रीचं खरं उत्तर मिळत नाही, हे आशाताईंनाही ठाऊक आहे. नंतर बाजूला घेऊन सांगितलंत तरी चालेल. बेरीज ४ च्या वर गेली तर तपासणी आधी, एवढाच त्याचा अर्थ. 'माझे ३ आले, मी सुटलो' म्हणून घरी बसू नका. तिशी ओलांडलेल्या सगळ्यांनीच जायचं आहे.

सर्वांत जास्त लोक अडकतात ते वेगळ्याच ठिकाणी. आमच्याकडे एक काका शिबिराला सकाळची गोळी घेऊन आले. बीपी भरलं १२८/८०, नोंद झाली 'नॉर्मल'. महिन्याने फुकटच्या गोळ्या मागायला गेले, तर यादीत नावच नाही! खाजगी डॉक्टरची गोळी सुरू असेल तर मशीन दंडाला लावण्याआधीच तसं सांगा आणि चिठ्ठी किंवा रिकामं पाकीट सोबत न्या. गोळी मात्र चुकवू नका. आकडा 'खरा' दिसावा म्हणून दोन दिवस गोळी बंद ठेवणारेही बघितलेत.

बोट टोचून शुगर १४० च्या वर आली म्हणजे लगेच मधुमेह ठरत नाही. उपाशीपोटी पुन्हा रक्त द्यावं लागतं. त्या दिवशी चहा पिऊन गेलात तर परत फेरी. हे आदल्या दिवशी कुणी सांगत नाही आणि शेतमजुराचा रोज मात्र बुडतो.

कागद म्हटलं तर आधार आणि मोबाईल. आभा क्रमांक १४ आकडी असतो. तो तुमच्या आरोग्याच्या नोंदी जोडण्यासाठी आहे, पाच लाखांच्या उपचाराचं आयुष्मान कार्ड वेगळं. आधारला जोडलेलं सिम मुलाकडे पुण्यात असेल तर ओटीपी तिकडेच जातो, तेव्हा त्याला आधी फोन करून ठेवा. आभा काढणं ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून कुणी परत पाठवत असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा.

गोळ्या साधारण महिन्याभराच्या मिळतात. 'बरं वाटतंय' म्हणून पुढच्या महिन्यात न जाणारे खूप. ऊसतोडीला किंवा मुलांकडे जाणार असाल तर निघण्याआधी सिस्टरना सांगा आणि औषधाच्या कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, म्हणजे नव्या गावच्या दवाखान्यात औषधाचं नाव आणि डोस दाखवता येईल. 'पांढरी, गोल, छोटी गोळी' एवढ्यावर औषध देणारा डॉक्टर मी अजून पाहिलेला नाही.