तज्ज्ञ डॉक्टर : प्रशिक्षण व नियमन (महाराष्ट्र)

एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि वर्षभराची इंटर्नशिप संपली की डॉक्टरला व्यवसाय करता येतो. तज्ज्ञ म्हणवून घ्यायचे तर नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचे एमडी किंवा एमएस करावे लागते. हृदयरोगासारख्या अतिविशेष शाखांसाठी त्यापुढे डीएम वा एमसीएच. राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डीएनबी या पदव्युत्तर पात्रतेमुळे मान्यताप्राप्त खासगी रुग्णालयांतही असे शिक्षण मिळते. राज्यातील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना १९९८) संलग्न आहेत.

खरे शिक्षण वॉर्डात होते. सर्जरीत एमएस करणारा पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, म्हणजे ‘जेआर-वन’, रिपोर्ट गोळा करतो, ड्रेसिंग करतो आणि ऑपरेशनमध्ये रिट्रॅक्टर (जखम उघडी ठेवणारे साधन) धरून उभा राहतो. पुढे सीनियरच्या नजरेखाली हर्निया, अपेंडिक्स त्याच्या हाती येतात. केलेल्या कामाची नोंद लॉगबुकात होते. थिसिसही लिहावा लागतो. तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढणे आता सक्तीचे आहे. केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत सर्वसाधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांहून अधिक ड्यूटी नको, असे म्हटले आहे. निवासी डॉक्टरांची संघटना ‘मार्ड’ मात्र आजही कामाच्या तासांवरून भांडते. शेवटी चार लेखी पेपर आणि प्रात्यक्षिक. त्यात ‘लाँग केस’चा धसका सर्वांत मोठा: अनोळखी रुग्ण तपासून निदान मांडायचे आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचे.

भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी २५ सप्टेंबर २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. शिक्षणाचे निकष तो ठरवतो. राज्यातल्या डॉक्टरांची नोंदणी आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी १९६५ च्या कायद्याखालील महाराष्ट्र वैद्यक परिषद पाहते. एमडी झाल्यावर ती अतिरिक्त पात्रता तिच्याकडे वेगळी नोंदवावी लागते. त्या शाखेची पात्रता नसताना तज्ज्ञ म्हणवून घेणे २००२ च्या आचारसंहितेनुसार गैरवर्तन ठरते.

नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते. त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात. परिषदा-कार्यशाळांना हजेरी लावून ते जमतात, हाताचे कौशल्य पुन्हा कुणी तपासत नाही. गैरवर्तन सिद्ध झाल्यास ताकीद मिळते, नोंदणी निलंबित होते किंवा नाव नोंदवहीतून काढले जाते. वैद्यक परिषद नुकसानभरपाई देत नाही. त्यासाठी ग्राहक आयोगाकडे जावे लागते. तो मार्ग सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये पक्का केला. राज्य परिषदेच्या निर्णयाविरुद्ध आधी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता व नोंदणी मंडळाकडे आणि मग आयोगाकडे अपील करण्याची तरतूद आयोगाच्या २०१९ च्या कायद्याच्या कलम ३० मध्ये आहे, पण तिथे उल्लेख आहे तो डॉक्टरचा. तक्रारदार रुग्णाचा नाही.