लाहोरचे बिनजोड आकाशगोल

मृग नक्षत्र मध्यावर आलं की त्यातला तांबूस काक्षी तारा वर डावीकडे दिसतो, राजन्य तारा खाली उजवीकडे. मध्ययुगीन इस्लामी जगातल्या पितळी आकाशगोलावर, म्हणजे तारे कोरलेल्या गोळ्यावर, मात्र काक्षी उजवीकडे आणि राजन्य डावीकडे. यात कारागिराची चूक नाही. आपण आकाशाच्या घुमटाखालून वर बघतो, गोल हाती घेणारा त्याच घुमटाकडे बाहेरून बघतो. म्हणूनच अल-सूफी या इराणी ज्योतिर्विदाने 964 च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात प्रत्येक तारकासमूह दोनदा काढला: आकाशात दिसतो तसा आणि गोलावर दिसतो तसा.

गोल करणाऱ्याला रात्री जागून तारे मोजावे लागत नसत. प्राचीन ग्रीक ज्योतिर्विद टॉलेमीची हजारावर ताऱ्यांची यादी हाताशी होतीच. पृथ्वीचा अक्ष सावकाश फिरत असल्याने (संपातचलन) ताऱ्यांचे भोग, म्हणजे सूर्यमार्गावर मोजलेली अंतरं, हळूहळू वाढतात; शर, म्हणजे सूर्यमार्गापासून वर-खाली मोजलेली अंतरं, जवळपास तेवढेच राहतात. अल-सूफीने टॉलेमीच्या भोगांत सरसकट 12 अंश 42 कला मिळवल्या, की यादी त्याच्या काळाची झाली! पुढे पंधराव्या शतकात समरकंदचा राज्यकर्ता उलुग बेग याची नवी यादी आली, तरी युक्ती तीच.

खरी कसोटी धातूची. जुनी रीत म्हणजे पितळेचे दोन अर्धगोल करून डाख देऊन जोडायचे. मग जोडाची रेघ नेमकी आकाशातून जाते. मुघल काळात लाहोरच्या कारागिरांनी हा जोडच काढून टाकला. मातीच्या गाभ्यावर मेणाचा सारखा थर, त्यावर पुन्हा माती. तापवून मेण काढलं की उरलेल्या पोकळीत पितळ ओतायचं. पण आतला गाभा? गोलाला ठेवलेल्या भोकातून माती उकरून काढत आणि भोक पितळेच्या गुडदीने बुजवून घासत. ही बुजवलेली जागा बारकाईने पाहिलं तरच सापडते. मग वर्तुळं आणि आकृत्या कोरायच्या, ताऱ्यांच्या जागी चांदीचे ठिपके बसवायचे. तारा जितका तेजस्वी, तितका ठिपका मोठा.

जोड नसल्याने ताऱ्यांच्या जागा काही अधिक अचूक होत नाहीत. माझ्या मते ही सगळी खटपट खगोलशास्त्रासाठी नव्हतीच, ती हुन्नराची ऐट होती. अली काश्मिरी इब्न लुकमानचा असा गोल 1589-90 चा आहे. उस्ताद अल्लाहदादच्या घराण्याने तर चार पिढ्या खगोलयंत्रं घडवली. त्याचा पणतू झियाउद्दीन त्यातला सर्वांत नावाजलेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लाहोरचा लाला बल्हूमल असे गोल ओतत होता आणि संस्कृत अक्षरांची यंत्रंही कोरून देत होता.