गर्भपाताचा कायदा आणि लिंगनिदानाचा कायदा: दोन्ही एक नव्हेत

"आपल्याकडं गर्भपात बंद आहे ना?" हा प्रश्न मी खानापुरात ऐकलाय, निपाणीत ऐकलाय, बेळगावात शिकलेल्या बायकांच्या तोंडून ऐकलाय. नाही, बंद नाही. 1971 च्या कायद्यानं तो कायदेशीर आहे. बंद आहे ते गर्भाचं लिंग तपासणं आणि सांगणं. हे दोन वेगळे कायदे आहेत. त्यांची सरमिसळ झाली की बाईचं काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

आमच्या गल्लीतल्या एका वैनीचं धाकटं मूल आठ महिन्यांचं होतं. पाळी चुकली, तपासलं, दिवस गेलेले. सात आठवडे. नवरा पुण्याला कामाला. मी तिच्यासोबत गेले. डॉक्टरची चिठ्ठी हातात असूनही औषधाच्या दुकानदारानं मान हलवली: "या गोळ्या आम्ही ठेवतच नाही अक्का, केस होते." दुसऱ्या एका दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं आवाज खाली आणून विचारलं, "मालक आलेत का? त्यांची सही लागते." वैनीच्या मागच्या भिंतीवर एक बोर्ड होता. पाळण्यातलं बाळ, त्यावर लाल फुली, खाली कन्नड आणि इंग्रजी. तिला दोन्ही वाचता येत नाहीत. तिनं चित्र वाचलं आणि मला म्हणाली, "बघा, लिहिलंयच की इथं." तो बोर्ड लिंगनिदानाचा होता. तिच्या कामाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

लिंगनिदानाचा कायदा बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात सांगते. महाराष्ट्रानं 1988 साली देशात सगळ्यात आधी असा कायदा केला. केंद्राचा 1994 चा, अमलात आला 1996 पासून, 2003 मध्ये आणखी कडक झाला आणि गर्भधारणेआधीची लिंगनिवडही त्यात आली. सोनोग्राफी केंद्राची नोंदणी, प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीमागे नोंदीचा 'फॉर्म एफ', आणि लिंग सांगितलं तर पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. शब्दानं, खुणेनं, कसंही सांगितलं तरी गुन्हाच. चाचणी करवून घेतली तर नवऱ्यानं आणि नातेवाइकांनी बाईवर दबाव आणला, असंच कायदा धरून चालतो. तसं नव्हतं हे त्यांनी सिद्ध करायचं. हे कलम मला फार मोलाचं वाटतं.

आता जिथं सगळे अडखळतात ते. या कायद्याचा डोळा मशीनवर आहे, बाईच्या निर्णयावर नाही. गर्भपात कुणी करायचा, किती आठवड्यांपर्यंत, कशासाठी, याबद्दल त्यात एक कलम नाही. डॉक्टरनं लिंग सांगितलं आणि बाळ नीट जन्माला आलं, तरी गुन्हा झालाच. आणि लिंग कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही, नियमात बसून गर्भपात झाला, तर हा कायदा तिथं येतच नाही.

वैनीचंच उदाहरण घ्या. सात आठवड्यांच्या गर्भाचं लिंग सोनोग्राफीत दिसत नाही. त्याला तीन महिने तरी उलटावे लागतात. मग सातव्या आठवड्याच्या गोळ्या नाकारून कुठली मुलगी वाचली? गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत करता येतो, म्हणजे लिंग दिसायच्या आधीच. दुकानदाराची भीती मी समजू शकते. तपासणीला आलेला माणूसही पुष्कळदा दोन्ही कायदे एकाच पिशवीत घालतो. पण त्या भीतीची किंमत बाई मोजते. सातव्या आठवड्याला परत पाठवलेली बाई चौदाव्या आठवड्याला येते, किंवा कुणा भोंदूकडं जाते.

गर्भपाताचा कायदा असा. 1964 साली महाराष्ट्रातले मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, कारण चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या. त्यातून 1971 चा कायदा आला. 2021 च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात, आणि तेही ठरावीक स्त्रियांसाठी: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग, अशा. चोवीसच्या पुढं गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. बाईचा जीव वाचवायचा असेल तर आठवड्यांची अट नाही.

आणि सही. अठरा वर्षांवरच्या बाईची एकटीची सही पुरते. नवऱ्याची नको, सासूची नको, बापाची नको. "मालकांची सही" कायद्यात कुठंच नाही. ती दवाखान्यांनी आपल्या सोयीसाठी लावलेली प्रथा आहे. अल्पवयीन किंवा मानसिक आजारी बाई असेल तरच पालकाची संमती लागते. गर्भनिरोधक निकामी ठरल्याचं कारण पूर्वी फक्त विवाहितेला सांगता यायचं. 2021 पासून 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आहेत. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीतून अविवाहितेला वगळता येणार नाही. बाईचं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे.

दोन्ही कायदे एकमेकांना शिवतात ती जागा एकच. "मुलगी आहे म्हणून" हे कारण गर्भपाताच्या कायद्यात नाही, त्यामुळं असा गर्भपात त्या कायद्यातही बसत नाही. 2017 मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एकोणीस भ्रूण पुरलेले सापडले. म्हैसाळच्या पलीकडं लगेच आपलं कागवाड. तपासाचे धागे कर्नाटकात आले. सोनोग्राफी एका राज्यात, पिशवी खाली करणं दुसऱ्या राज्यात, असा सीमेचा फायदा घेणाऱ्यांना मोकळं सोडू नये, यावर माझं मत ठाम आहे. पण त्यानंतर प्रत्येक गर्भपाताला 'भ्रूणहत्या' म्हणायची जी सवय लागली, तिची मला चीड आहे. भाषणात, बातमीत, शाळेच्या निबंधात तोच शब्द. मुलगी नको म्हणून केलेला गुन्हा आणि दोन लेकरांच्या आईनं सातव्या आठवड्यात घेतलेला निर्णय यांना एकच नाव देणं, म्हणजे त्या आईला गुन्हेगार ठरवणं.

"महाराष्ट्रात चालतं, कर्नाटकात नाही" हेही खोटं. दोन्ही केंद्राचे कायदे आहेत, चंदगडला तेच आणि बेळगावला तेच. कुठं राहता याची अटही गर्भपाताच्या कायद्यात नाही. ऊसतोडीला परजिल्ह्यातून आलेल्या बाईला "तुमच्या गावाला जाऊन करा" म्हणणारे भेटतात. तिचं गाव शंभर कोसांवर, टोळी फडात, आणि आठवडे थांबत नाहीत. मत मागायला येणारे तिच्या कोप्यांकडं, म्हणजे फडातल्या झोपड्यांकडं, फिरकत नाहीत, कारण तिचं नाव इथल्या यादीत नाही. दवाखान्यानं तरी यादी विचारू नये.

आजचा कायदासुद्धा मला पुरेसा वाटत नाही. तो डॉक्टरच्या मताला मान देतो, बाईच्या इच्छेला नाही. बारा आठवड्यांपर्यंत कारण विचारूच नये, असं माझं म्हणणं आहे. आणि मशीनवाल्यांना मात्र आणखी आवळावं. या दोन मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत.

वैनीचं काम शेवटी सरकारी दवाखान्यात झालं, तिच्या एकटीच्या सहीवर. संमतीचा फॉर्म कन्नडमध्ये होता. तिथल्या नर्सनं ओळीवर बोट ठेवून मराठीत वाचून दाखवला, मगच पेन तिच्या हातात दिलं.