कणकेतला हात

बालवाडीचे वर्ष संपत आले की घरोघरी एकच खलबत सुरू होते: ताईंना काय द्यायचे? तिकडे ताईंच्या डोक्यात उलटा प्रश्न घोळत असतो, की एवढ्या पोरांच्या हातावर आपण काय ठेवायचे. मग दोन्हीकडची मोठी माणसे रात्री उशिरापर्यंत कात्री आणि गोंद घेऊन बसतात. सकाळी मुलाच्या हातात जी वस्तू पडते ती त्याने आधी पाहिलेलीही नसते. मूल ती ताईंपुढे धरते, ताई "अगंबाई, किती छान!" म्हणतात आणि मूल घसरगुंडीकडे पळते. वस्तू सुबक असते, यात वाद नाही. पण भेट दिली कोणी?

देण्यातल्या आनंदावर प्रयोग झाले आहेत, तेही दोन वर्षांच्या आतल्या मुलांवर. लारा ॲक्निन, काइली हॅमलिन आणि एलिझाबेथ डन या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलाला वाटीभर खाऊ दिला आणि समोर एक बाहुले बसवले. एकदा संशोधिकेने कुठूनसे एक जादा बिस्किट काढून ते बाहुल्याला द्यायला सांगितले. एकदा मुलाच्या स्वतःच्या वाटीतले द्यायला सांगितले. नंतर चित्रण पाहून चेहऱ्यावरच्या आनंदाला गुण दिले गेले. स्वतःला खाऊ मिळाला तेव्हापेक्षा बाहुल्याला देताना चेहरे जास्त खुलले होते. आणि संशोधिकेने पुढे केलेले बिस्किट देण्यापेक्षा आपल्या वाटीतले देताना ते अधिकच खुलले.

आईबाबांनी रात्री जागून केलेली वस्तू म्हणजे ते कुठूनसे आलेले जादा बिस्किट. मुलाच्या वाटीतले काहीतरी जायला हवे. अर्थात त्याच्या वाटीत असते काय? थोडा वेळ, एक आवडता रंग, खिशात जपलेला एखादा दगड.

मात्र इथे एक गंमत होते. चार वर्षांच्या मुलाला विचारा, ताईंना काय देऊ या? उत्तर बहुधा "माझी लाल गाडी" असे येते. दुसऱ्याची आवड आपल्यापेक्षा वेगळी असू शकते, हे त्याला ठाऊक नसते असे नाही. बेटी रेपाकोली आणि ॲलिसन गॉपनिक यांनी १९९७ मध्ये दाखवले, की १८ महिन्यांचे मूलसुद्धा, समोरच्या बाईला ब्रोकोली आवडते असे दिसले तर तिला ब्रोकोलीच देते, भले त्याला स्वतःला बिस्किटे आवडोत. १४ महिन्यांची मुले मात्र तिलाही बिस्किटेच देत होती. म्हणजे समज लवकर येते, पण ती वापरायला समोर काहीतरी दिसावे लागते. म्हणून "काय देऊ या?" असे न विचारता "ताई दिवसभर काय काय करतात?" असे विचारून पाहा. माझ्या भाचीने यावर क्षणाचाही विचार न करता सांगितले होते, "त्यांना फळा पुसायला आवडतं." आवडते की करावे लागते, हा वाद मी घातला नाही. आम्ही जुन्या सुती कापडाच्या घड्या करून फळा पुसायचे फडके शिवले आणि तिने त्यावर भरपूर ठिपके काढले. ताईंनी ते वापरले. आजवर मी सुचवलेली एकही भेट इतकी कामाला आलेली नाही.

आता कणकेकडे वळू. दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ, लागेल तसे जवळजवळ वाटीभर पाणी. घट्ट मळून बोटाच्या जाडीची चकती थापायची आणि मुलाला तळवा दाबायला सांगायचे. मळताना गव्हातली प्रथिने एकमेकांत गुंतून ग्लूटेनची जाळी तयार होते. तिच्यामुळे ठसा जसाच्या तसा राहतो. मिठाचे काम वेगळे. ते पाणी इतके धरून ठेवते, की बुरशीला आणि जिवाणूंना जगण्यापुरते ओलेपण उरत नाही. चकती सावलीत हळूहळू वाळवावी, रोज उलटावी. घाई केली तर वरचा थर आधी सुकून आक्रसतो, आतला ओलाच असतो, आणि ताणाने तडा जातो. दमट हवेत हेच मीठ हवेतले पाणी ओढून चकतीला पुन्हा मऊ करते, तेव्हा पुरती वाळल्यावर तिला वॉर्निशचा हात द्यावा. एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो: ही कणीक खेळण्यासारखी दिसत असली तरी तिच्यातले मीठ लहान मुलाला आणि पाळीव कुत्र्याला विषासारखे बाधू शकते. तोंडात जाऊ देऊ नका.

तो ठसा वाळल्यावर नीट बघा. तळवा गुबगुबीत, बोटे आखूड, मनगटाचा पत्ताच नाही. मनगटात मोठ्या माणसाला आठ छोटी हाडे असतात. जन्मतः त्या जागी फक्त कूर्चा असते. हाडे पहिल्या काही महिन्यांपासून एकेक करून घडू लागतात आणि शेवटचे घडेपर्यंत मूल आठ ते बारा वर्षांचे झालेले असते. चार वर्षांच्या मुलाच्या क्ष-किरण चित्रात आठांपैकी साधारण निम्मीच दिसतात. याच क्रमावरून डॉक्टर मुलाचे हाडांचे वय ठरवतात. या वयात मूल खडू मुठीत धरते, रेषेबाहेर रंगवते, कात्री वाकडी चालवते, त्यामागे आळस नाही. हाडे, स्नायू आणि त्यांना चालवणारा मेंदू, सगळ्यांचेच काम अजून चालू आहे. आपण त्याचा हात धरून सरळ केलेली रेषा ही आपली रेषा असते. भेटीत ती कशाला हवी?

भेटकार्डासाठी माझा आवडता खेळ गाळणकागदाचा आहे. कागदाच्या गोल तुकड्यावर काळ्या स्केचपेनने मध्याभोवती ठिपक्यांचे कडे काढायचे, मधोमध भोक पाडून त्यात कागदाची वात खोवायची आणि वात पाण्यात टेकवायची. स्केचपेन पाण्यात विरघळणाऱ्या शाईचे हवे. पाणी कागदाच्या तंतूंमधून वर चढते, ठिपक्यांपर्यंत येते, आणि काळा रंग फुटतो. जांभळा, निळा, कुठे पिवळा, पाकळ्यांसारखे बाहेर पसरत जातात. काळी शाई ही बहुधा अनेक रंगद्रव्यांची खिचडी असते. जे द्रव्य कागदाला जास्त चिकटते ते मागे रेंगाळते, जे पाण्याबरोबर रमते ते पुढे पळते. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच तत्त्वाने पानांतली रंगद्रव्ये वेगळी केली होती, कागदाऐवजी खडूच्या भुकटीने भरलेली नळी वापरून. या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी म्हणतात, आणि योगायोग असा, की 'त्स्वेत' या रशियन शब्दाचा अर्थच रंग. पुढे हे तंत्र विकसित करणाऱ्या आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांना १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मुलांना यातले काही सांगू नका. काळ्यातून निळा निघताना त्यांना फक्त गप्प बसून बघू द्या. चार मिनिटे चार वर्षांचे मूल गप्प बसते, हाच एक निकाल आहे.

ताईंच्या बाजूचा विचार केला तर वर्षअखेरीला हमखास निघतात ती प्रशस्तिपत्रे. याबाबत एक जुना प्रयोग प्रत्येक बालवाडीने भिंतीवर लावावा असा आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत चित्रे काढायची मुळातच आवड असलेली ३ ते ५ वर्षांची मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेस तर सोनेरी तारा आणि रिबीन असलेले प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते न सांगता अचानक दिले. काहींना काहीच दिले नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी वर्गात तेच रंग पुन्हा मांडले आणि आरशाआडून पाहिले. बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले आता बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ रंगांपाशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड जशीच्या तशी होती. तेव्हा प्रमाणपत्र द्या हवे तर, महिनाभर आधी आमिष मात्र दाखवू नका. आणि ताई खेळणेच देणार असतील तर एकच साधे द्यावे: अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दीड ते अडीच वर्षांची मुले १६ खेळण्यांपेक्षा ४ खेळण्यांत एकेकाशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली.

या सगळ्याहून मोलाची भेट ताईंपाशीच असते, आणि तिला खर्च शून्य. हे वर्ष मुलाला आठवणार नाही. पॅट्रिशिया बॉवर आणि मरीना लार्किना यांच्या २०१४ च्या अभ्यासात, तीन वर्षांच्या असताना मुलांनी आईवडिलांशी बोललेल्या प्रसंगांपैकी साठ टक्क्यांहून अधिक त्यांना पाच ते सात वर्षांची होईपर्यंत आठवत होते. आठव्या-नवव्या वर्षी चाळीस टक्केही उरले नव्हते. ज्या ताईंशिवाय डबा उघडत नव्हता, त्यांचे नावही पुसून जाते. याच अभ्यासात असेही दिसले, की "मग काय झालं?", "अजून सांग" असे म्हणत गोष्टीची दोरी मुलाच्या हाती देणाऱ्या आयांच्या मुलांच्या आठवणी पुढे अधिक भरीव निघाल्या. म्हणून शेवटच्या आठवड्यात वर्षातले चार फोटो मुलापुढे ठेवावेत, ते जे बोलेल ते शब्द न सुधारता लिहून घ्यावेत आणि तो कागद घरी पाठवावा. "पाऊस आला आणि माझी चप्पल पोहायला गेली" याला "चप्पल वाहून गेली" करू नये.

भाचीने त्या वर्षी कणकेच्या दोन चकत्या केल्या होत्या, एक ताईंना, एक घरी. दोरीसाठी वर एक भोक होतेच. तिने तळव्याच्या मधोमध बोट खुपसून आणखी एक पाडले. मी बुजवायला गेलो तर ओरडली, "मामा, ते ताईंना बोट घालायला आहे!" मी हात मागे घेतला. आता ती नऊ वर्षांची आहे. परवा कपाट आवरताना घरची चकती सापडली. तिने भोकात बोट घालून पाहिले, जाईना, मग करंगळी घातली, तीही अडकली.

"मामा," ती म्हणाली, "हे मधलं भोक कोणी पाडलं?"