समेवर हललेली मान आणि तोंडातून निघालेली खोटी दाद

शास्त्रीय गाण्याच्या बैठकीत मला ताल कळत नाही. सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कधी येते, मान कधी हलवायची, हे मी पुढे बसलेल्या एखाद्या जाणत्या काकांकडे बघून ठरवतो. सुराला मात्र कान बरा आहे. वरचा षड्ज, म्हणजे वरचा ‘सा’, चक्क कणसुरा (सुरापासून ढळलेला) लागला तर मला खटकतं, तरी आजूबाजूला ‘क्या बात है’ सुरू असलं की मीही दाद देऊन मोकळा होतो.

बघणाऱ्याला दोन्ही वेळा एकच दिसतं : चार लोक करतात तेच हाही करतोय. पण पहिल्या वेळी मला उत्तर ठाऊक नव्हतं, दुसऱ्या वेळी होतं. मॉर्टन डॉइच आणि हॅरल्ड जेरार्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली हा फरक नावानिशी मांडला. पहिला माहितीचा प्रभाव, दुसरा सामाजिक संकेतांचा. साध्या मराठीत, एक ‘कळत नाही म्हणून’ आणि दुसरा ‘चारचौघांत वेगळं दिसायला नको म्हणून’.

पहिल्याचा नमुना मानसशास्त्रज्ञ मुजफर शेरीफ यांच्या १९३५च्या प्रयोगात आहे. काळोख्या खोलीत प्रकाशाचा एक स्थिर ठिपका. अंधारात नजरेला आधार नसतो, त्यामुळे तो सरकल्याचा भास होतो. किती सरकला? एकेकटे सांगताना आकडे वेगवेगळे आले. एकत्र बसवल्यावर हळूहळू जवळ आले. पुढे एकटं बसवलं तरी माणसं गटाचाच आकडा धरून राहिली. त्यांना तो मनापासून पटला होता.

१९५१मध्ये मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी उलटं केलं. त्यांनी रेघा दाखवल्या, त्याही उजेडात. दिलेल्या रेघेएवढी रेघ तीन रेघांतून ओळखायची. शाळकरी पोरालाही जमेल, एकट्याने पाहताना चुका जवळपास नव्हत्याच. पण खोलीतले बाकीचे सगळे ॲशना आधीच सामील होते आणि १८पैकी १२ फेऱ्यांत ते एकमुखाने चुकीची रेघ सांगत. त्या फेऱ्यांत सुमारे ३७ टक्के उत्तरं गटामागे गेली. यावरून ‘माणूस म्हणजे मेंढरू’ असं बिनदिक्कत ठोकून देतात, ते मला पटत नाही. उरलेली ६३ टक्के उत्तरं बरोबर होती की! सुमारे चौथा हिस्सा लोक तर एकदाही बधले नाहीत. नंतर विचारल्यावर काहींनी कबूल केलं, की रेघ नीट दिसत होती, फक्त वेगळं पडायचं नव्हतं. काहींना मात्र स्वतःच्या डोळ्यांचीच शंका आली होती. म्हणजे एकाच खोलीत दोन्ही प्रकार नांदू शकतात.

कुठला प्रकार आहे हे ओळखायचं कसं? उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिलं, तेव्हा ॲशच्या प्रयोगातलं हे गटामागे जाणं बरंच घटलं. माझंही तसंच. सम कुठे आली हे घरी एकट्याने विचारलंत तरी मी काकांचंच सांगेन. षड्जाबद्दल विचाराल तर खरं बोलेन.

आणखी एका फेरफारात ॲशनी खरं बोलणारा एकच सोबती दिला, तर चुका पाव हिश्शावर आल्या. त्या बैठकीत माझ्या शेजारी कुणी नुसती कपाळाला आठी घालून बसलं असतं, तरी माझं ‘क्या बात है’ घशातच राहिलं असतं.